बाप्तिस्म्याआधीचं नाव

इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये मला पहिल्यांदा आपलं मानलं ते शेजारच्या आंटींनी. मूळच्या जमैकाच्या, आयुष्यभर नर्स. माझ्या बाळंतपणाला आईचा व्हिसा वेळेत आला नाही, तेव्हा लेबर वॉर्डात माझा हात धरून याच बसल्या होत्या. हे उपकार फिटणारे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर मदत मागितली, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या किचनमध्ये ठाणच मांडलं.

त्यांची एक पूर्वज उसाच्या मळ्यावर गुलाम होती, पुढे मुक्त झाली. मुक्तीनंतर झालेल्या तिच्या मुलापासून आंटींचं घराणं चालत आलं. पण त्याआधीची एक मुलगी तिच्यापासून तोडून दुसरीकडे विकली, असं घरात सांगत. त्या मुलीचं पुढे काय झालं, एवढंच आंटींना ऐंशीव्या वर्षी हवं होतं.

गुलामांच्या जुन्या याद्या आता ऑनलाइन आहेत. चार शनिवार आम्ही डोळे फोडले. आई सापडली, मुलीचा पत्ता नाही.

"जाऊ दे गं," आंटी म्हणाल्या. "घरातल्यांनी रचलेली गोष्ट असेल."

मला पटेना. मी हट्टी म्हणून माहेरी बदनाम आहे. मी यादी पुन्हा उघडली. आईच्या नावापुढे बारीक शेरा होता: बाप्तिस्म्यात नाव बदललं, आधीचं नाव अमुक. तो आम्ही वाचून सोडून दिला होता. निदान मी तरी सोडायला नको होता. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून माझंही नाव बदललं, त्याचा राग अजून गेलेला नाही. शाळेतल्या मैत्रिणीने जुन्या नावाने शोधलं, तर मी तिलासुद्धा सापडणार नाही.

जुन्या नावाने शोधल्यावर दुसऱ्या मळ्याच्या यादीत सहा वर्षांची मुलगी निघाली. आई म्हणून तेच जुनं नाव. मग चर्चच्या लग्नांच्या वहीत तीच मुलगी, नवरी झालेली. साक्षीदार म्हणून आईचं बाप्तिस्म्याचं नाव, सहीच्या जागी फुली.

आंटींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "लग्नाला होती ती?"

"होती, आंटी."

हे बघायला त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. आंटींनी थोरल्या बहिणीला फोन लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता सांगितलं, "तिला तिची मुलगी सापडली होती."