नटावर न डुगडुगणारा पाना

ये वं पोरी, जवळ बस. नुसती चमक पाहून पान्यांचा डबा काहून घेतला? तुझे काका गेल्यावर मीही असाच घेऊन राहिली होती. कूलरचा नट कसायले दरवेळी शेजाऱ्याले विनवावं लागे. सक्करदऱ्याच्या दुकानदारानं तो डबा माह्या हातातून काढूनच घेतला. खिशातला नट काढून एकाच नंबरचे दोन पाने लावून दाखवले. चकचकीत डुगडुगला, काळा घट्ट बसला.

"काकू, सैल पाना नट गोल करते, मंग कोणताच पाना लागत नाही. अन् दांडा तुमच्या मुठीत बसते का पाहा, माह्या नाही!"

माह्या मुठीचा विचार तोवर कोणी केला नव्हता. त्या भल्या माणसाचं नाव विचारायचं राहिलंच. आता शेजाऱ्याचा नळ गळला की तोच मले हाक मारते. पुढच्या रविवारी पुन्हा ये वं, दोघी मिळून कूलरचे नट कसू.