दुहेरी शिलाईचा नंबर

मास्तरांच्या चार सेफ्टीपिना मी घालवल्या, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथूनच आहे. सांगता सांगता मी मध्येच साळसूद चेहरा करून बसलो, तर फसू नका.

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान तळमजल्यावर आणि माझी खोली बरोबर त्याच्या डोक्यावर. म्हणून मास्तर मला 'वरचे' म्हणतात. रविवारी गावातली दहा किलोमीटरची शर्यत होती. छातीवर लावायचा नंबर शुक्रवारी एका मंडपातून आणायचा होता, आणि शुक्रवार हा मास्तरांचा शिवलेले कपडे द्यायचा वार. मी म्हटलं, मी आणतो. नंबर घेतला, पिनांची पुडी घेतली, मंडपाच्या पायरीवर पडलेली पावती उचलायला वाकलो आणि पँटचा हूक तुटला. तीन महिने तो एका दोऱ्यावर लोंबत होता. शिंप्याच्या डोक्यावर राहूनही मला तो लावून घ्यायला सवड झाली नव्हती. पहिली पिन वाकली, दुसरी तुटली, तिसरीने पँट धरली, आणि चौथी कुठे गेली ते त्या पायरीलाच माहीत.

"पिना?" मास्तरांनी पुडी उलटी करून झटकली.

"अब्रू झाकायला लागल्या."

"चार?"

"तीन. एक पडली."

"म्हणजे अब्रू फार मोठी नाही," मास्तर म्हणाले आणि मशीनवर बसले. "जाऊ द्या. पिनेने बनियनला भोकं पडतात. मी शिवूनच टाकतो."

त्यांनी नंबर उलटा केला. पाठीमागे दोन बोटं रुंदीची एक करडी, जाडसर पट्टी चिकटवलेली होती. मास्तरांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा, बकरमसुद्धा लावलंय. कॉलर ताठ राहावी म्हणून आपण आत घालतो ना, तसं. धावताना नंबर चुरगळू नये म्हणून. कुणीतरी जाणकार माणूस आहे तिथे." मग त्या जाणकाराचा मान राखून त्यांनी चारी बाजूंनी दुहेरी शिलाई मारली, आणि पट्टीवरून जरा जास्तच. मी स्टुलावर बसून वाहवा केली. नंबरासोबत मिळालेला सूचनांचा कागद तेव्हा माझ्याच खिशात होता. तो मी वाचला नव्हता.

आता ही शर्यत मास्तरांना एवढी महत्त्वाची का, ते सांगतो. मास्तर साठीचे. अंगाने टेपसारखे. डाव्या मनगटावर टाचण्या खोचायची गादी बांधलेली असते. तिची इतकी सवय, की त्या जागी घड्याळ सहन होत नाही. त्यांना एक मोठा भाऊ. तरुणपणी दोघं पहाटे पुलापर्यंत धावायचे. दादा कायम चार पावलं पुढे. मास्तरांनी वेग वाढवला की दादा मागे न बघता वेग वाढवायचा. "त्याच्या बुटांचा आवाज ऐकत मी मोठा झालो," मास्तर एकदा पँटची उंची मापता मापता म्हणाले होते, आणि गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्यालाच काहीतरी बोलले.

दादा एका वर्षी याच शर्यतीत धावला. एकोणसाठ मिनिटं, बावन्न सेकंद. पुढच्याच वर्षी नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेला, तो गेलाच. त्याला तेवीस वर्षं झाली. कापडाच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, शिंप्याच्या खडूने ५९.५२ लिहिलेलं आहे. पुसट झालं की मास्तर गिरवतात. दादाचा फोन वर्षातून एकदाच येतो, शर्यतीच्या संध्याकाळी. तो विचारतो, "किती?" मास्तर सांगतात, "एक तास चार." तो म्हणतो, "हं." संपलं. एका वर्षी एक तास एक मिनिट होतं, तेव्हा 'हं' थोडा लांबला होता. मास्तरांना आयुष्यात एकच आकडा सांगायचा होता, एकोणसाठ बावन्नच्या आतला. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी त्यासाठी "एखाद-दोन वर्षं" दिली होती.

रविवारी सकाळी मी त्यांची पिशवी धरून उभा होतो. पळणारे पाच हजार, रस्ता नेहमीचाच. चेंगराचेंगरी नको म्हणून दोऱ्या बांधून कप्पे पाडले होते आणि एकामागून एक सोडणार होते; मास्तरांना शेवटच्या कप्प्यात घातलं होतं. बंदूक वाजली, पुढचे पळाले, आणि शेवटचा कप्पा जागच्या जागी उभा राहून टाळ्या वाजवू लागला. आपली पाळी येईपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मी रस्ता ओलांडून शेवटच्या रेषेपाशी गेलो.

मास्तर आले तेव्हा कमानीवरच्या घड्याळात एक तास चौदा मिनिटं झाली होती. ते घड्याळ बंदुकीपासूनचं. शेवटचा कप्पा निघाला उशिरा, तेवढी मिनिटं वजा करायची. तेवढी म्हणजे किती, ते यंदा पहिल्यांदाच यंत्र सांगणार होतं. मास्तर घामाने निथळत निकालाच्या टेबलापाशी गेले. तिथल्या मुलीने नंबर दाबून पाहिला, पुन्हा पाहिला, मग टेबलावरून वाकून मास्तरांची छाती पाहिली.

"काका, ही चिप शिवलीय?"

"कुठली चिप?"

"मागची पट्टी. तीच वेळ मोजते. तिच्यातून सुई गेलीय." तिने बोटाने टाके मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "तुमची नोंदच नाही. शिलाई मात्र छान आहे."

मी धावपळ केली. शेवटच्या कप्प्यातली माणसं गाठून विचारलं, तुम्ही बंदुकीनंतर किती मिनिटांनी निघालात? एक म्हणाला तेरा. एक म्हणाली सोळा. एकाने मलाच विचारलं, शर्यत सुरू झाली का. तेरा धरली तर मास्तर हरले, सोळा धरली तर जिंकले. दादाचा आकडा बरोबर मधे बसला होता.

संध्याकाळी दुकानात फोन वाजला. मी स्टुलावर होतो, गुन्हेगाराने बसावं तसा.

"किती?" पलीकडून आवाज आला.

मास्तरांनी कपाटाकडे पाहिलं. आता सोळा धरून आकडा सांगून टाकतात, असं मला वाटलं. कोण तपासणार होतं?

"कळलं नाही, दादा."

पलीकडे 'हं' आला नाही. "म्हणजे काय, धाकट्या?"

मग मास्तरांना सांगावं लागलं. बकरम सांगितलं. पलीकडे कुणीतरी इतकं हसलं की मास्तरांनी फोन कानापासून लांब धरला. मग गर्दी सांगितली. एका कचेरीतले सहाजण हातात हात घालून अख्खा रस्ता अडवून चालत होते. "त्यांना म्हटलं, बाजूला व्हा, तर म्हणतात, काका, मजा घ्या." एकजण स्वतःचा फोटो काढायला धावता धावता थांबला, आणि मास्तर त्याच्या पाठीवर. पाण्याच्या टेबलापाशी कागदी पेल्यांचा चिखल. बाबागाडीचं चाक टाचेवरून गेलं. "पहिले तीन किलोमीटर मी आडवाच धावलो, दादा. दहाचे अकरा झाले असतील."

"आणि पूल?" पलीकडून विचारलं.

"पुलावर मोकळं मिळालं. दोनशे पावलं. पुढे कुणीच नव्हतं." मनगटावरची एक टाचणी त्यांनी काढली आणि पुन्हा तिथेच खोचली. "मी ऐकत होतो."

तेवीस वर्षांत न झालेलं बोलणं त्या दिवशी पंचवीस मिनिटं झालं. दादाला आता काठी लागते, हे मास्तरांना तेव्हा कळलं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ मशीनचं चाक हाताने फिरवत बसले. दोरा नसलेली सुई खालीवर होत राहिली.

मला राहवेना. म्हटलं, "मास्तर, चूक माझी. पुढच्या वर्षी नंबर मी वेळेवर आणतो, पिना मोजून आणतो, कागद वाचतो."

मास्तरांनी माझ्या पँटच्या हुकाकडे पाहिलं. तिथे अजून ती तिसरी पिन होती.

"पुढच्या वर्षी त्या शुक्रवारी तुम्ही दुकान सांभाळा."