दोन राज्यांचे कायदे

मुलगी शाळेत बोलेनाशी झाली, म्हणून जर्सी सिटीत मी तिला घरीच शिकवत होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याला टेक्सास आणि वॉशिंग्टन, दोन्ही राज्यांतून नोकरीची बोलावणी आली. घरी शिकवायला कुठे चालतं, हे मी लायब्ररीत शोधू लागले. वॉशिंग्टनमध्ये त्याला परवानगी देणारा नवा कायदा होता, पण दरवर्षी मुलांची चाचणी घ्यावी लागे. टेक्सासमध्ये घरी शिकवणं कायदेशीर आहे की नाही, हा वाद कोर्टात अडकलेला.

"काय ठरलं गं?" नवऱ्याने जेवताना विचारलं.

"माझं डोकंच चालत नाही आता."

तेवढ्यात मुलगी इंग्रजीत म्हणाली, "आई, नव्या गावात मी शाळेत जाऊन बघू?"

शाळा जमली नाही तरी तिथे घरी शिकवता येईल, म्हणून आम्ही वॉशिंग्टनला गेलो. तिथल्या शाळेत ती हळूहळू बोलू लागली. शिकवणं सुटल्यावर मी मात्र साचलेल्या थकव्याने कितीतरी दुपारी नुसती झोपून काढल्या.