लीलाचं म्हणणं

लीला साळवे हिला तत्त्वज्ञान शिकवता येत नाही, असं मी एकदा लेखी दिलं होतं. तिला येत होतं. येत नव्हतं ते मला. पण विभागप्रमुख मी होते, गोपनीय अहवाल लिहिण्याचा अधिकार माझा होता, आणि त्या वयात अधिकार आणि अक्कल एकाच टपालानं येतात असा माझा समज होता. ‘विषयावर पकड नाही. वर्गात विषयांतर व हास्यविनोद. भाषा मिश्र व असंस्कृत.’ खाली झोकदार सही. माझं अक्षर फार सुरेख होतं. अजूनही कुणी त्याचं कौतुक केलं की मला तो कागद आठवतो आणि तोंड कडू होतं.

लीला दीड महिन्यापूर्वी गेली, अंबरनाथला, बुवापाड्यातल्या स्वतःच्या घरी. बातमी आली ती निवृत्त प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, सुप्रभातचा गुलाब आणि गुडघेदुखीवरचा काढा यांच्या मधोमध. स्टाफरूममध्ये जिच्यासाठी कधी कुणी सरकून बसलं नाही, तिच्यासाठी भराभर जोडलेले हात आले. एका सरांनी तर घाईघाईत हातांऐवजी केकचं चित्र पाठवलं. मी काहीच पाठवलं नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही, चष्मा सापडत नव्हता... आणि सापडल्यावर काय लिहावं ते कळेना.

तेव्हाची मी तुम्ही पाहायला हवी होती. बदलापूरहून कांजी केलेली साडी नेसून उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात यायचे, ते अशा थाटात, जणू पुढचं स्टेशन थेट जर्मनीच. तिकडच्या तत्त्वज्ञांची नावं घशातून खाकरून उच्चारायचे, म्हणजे मुलांना वाटावं बाई जाऊन भेटून आल्यात. युरोपातल्या कुठल्याशा थंड खोलीत शेकोटीशी बसून एका गृहस्थाला संशय आला, की हे दिसतंय ते जग खरंच आहे का; तो संशय मी ऑक्टोबरच्या उकाड्यात, बंद पंख्याखाली, घामानं निथळणाऱ्या पोरांना इंग्रजीत उतरवून द्यायचे. ‘अंडरलाइन करा,’ म्हणायचे. पोरं अंडरलाइन करायची. कशाखाली रेघ मारली ते त्यांना कळत नव्हतं, आणि खरं सांगू? पुष्कळदा मलाही नाही. तिथल्याच कॅम्प दोनच्या बाजारातला एखादा दुकानदार इथल्या शर्टाला परदेशी लेबल लावतो म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये नाकं मुरडायचो. त्या दुकानदाराचा शर्ट निदान इथं शिवलेला असायचा, कुणाच्या तरी अंगाला बसायचा. आमचा माल कुणाच्याच अंगाला बसत नव्हता.

अशा या विभागात लीला आली. वडील अंबरनाथला कारखान्यात, घर बौद्ध, ती घराण्यातली पहिली एम. ए. मुलाखतीत तिनं सगळी उत्तरं मराठीत दिली, तेव्हाच माझी भुवई वर गेली होती. मग एकदा मी तिच्या वर्गाच्या खिडकीशी उभी राहिले. ऐकायला नाही, पकडायला. फळ्यावर तिनं डोंगर काढला होता आणि त्यावर धूर.

“धूर दिसतोय. मग आग आहे म्हणायचं का?” लीलानं विचारलं.

“म्हणायचं की!” पोरं ओरडली.

एक मुलगी उठली. “नाही मॅडम. आमच्या इथं कंपन्यांच्या बाजूला सकाळी असाच धूर असतो. आग कुठं असते? अ‍ॅसिडची वाफ असते ती. डोळे चुरचुरले की कळतं.”

त्यावर शेवटच्या बाकावरचा एक सिंधी मुलगा म्हणाला, “फिर तो वो धुआँ हैच नहीं ना मॅडम! आधी हे तर पक्कं करा, दिखा क्या.”

वर्ग हसला, लीला सगळ्यात मोठ्यानं. तिनं फळ्यावरचा धूर पुसला आणि म्हणाली, “बरोबर. मी हरले. आता पुन्हा पहिल्यापासून.”

मी त्यातलं काय ऐकलं? अ‍ॅसिड, हिंदी, हशा, आणि शिक्षिका वर्गासमोर हरली. आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्र्यांनी नेमका हाच प्रश्न सोडवायला घेतला होता, वाफेला धूर समजून काढलेलं अनुमान कसं कोसळतं याचा काथ्याकूट केला होता, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या एम. ए.ला ते सगळं ‘भारतीय धर्मविचार’ नावाच्या ऐच्छिक पेपरात कोंबलेलं होतं, आणि तो पेपर मी कमी प्रतिष्ठेचा म्हणून घेतला नव्हता. शेवटच्या बाकावरच्या पोरानं जे स्वतःच्या डोक्यानं काढलं, ते न कळणारी बाई त्या दुपारी टेबलाशी बसली आणि तिनं लिहिलं, पकड नाही.

त्याच महिन्यात लीलानं अभ्यास मंडळाकडे एक प्रस्ताव पाठवला होता. तिसऱ्या वर्षाला ‘वाद’ या नावाचा पेपर, मराठीतून. मुलांनी प्रश्न घ्यायचा, समोरच्याचं म्हणणं आधी मांडायचं, मग खोडायचं. मंडळानं माझा अहवाल वाचला आणि प्रस्ताव बाजूला ठेवला. तो बाजूलाच राहिला, लीला निवृत्त होईपर्यंत. तिसऱ्या वर्षाचा वर्ग तिला कधी मिळालाच नाही. मग ती दर रविवारी सकाळी बुवापाड्यातल्या विहाराच्या हॉलमध्ये चटया टाकून बसायला लागली. शहाडच्या कारखान्यातले कामगार यायचे, धुणीभांडी उरकून बायका यायच्या, कुणी कॉलेज सोडलेलं असायचं. तिथं नियम एकच. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की त्यानं मान हलवून म्हटलं पाहिजे, हो, हेच माझं म्हणणं. तोवर खोडायची परवानगी नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी मला अचानक उदारपणाचा झटका आला. कॅन्टीनमध्ये मी तिला म्हटलं, “लीला, तुझा अहवाल तेव्हा मी जरा कडक लिहिला होता गं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “पण मॅडम, त्यात एक राहिलं. मला काय म्हणायचं होतं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. आता सांगा. मी मान हलवली की सुटलात.”

मला वाटलं, हे काय अवघड आहे. “तुला मराठीतून शिकवायचं होतं.”

तिनं नकारार्थी मान हलवली.

“बरं. इंग्रजांचं फेकून आपलं शिकवायचं होतं.”

“आपलं म्हणजे कुणाचं, मॅडम? इंग्रज उठले म्हणून लगेच खुर्ची पुसायला घेऊ नका. तिच्यावर कोण बसणार ते आधी सांगा.”

मी गडबडले. “मुलांना बोलू द्यायचं होतं, बस?”

“जवळ आलात,” ती म्हणाली. “चहा प्या, गार होतोय.” त्यानंतर इतक्या वर्षांत तिनं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला सुटायची घाई नव्हती, कारण आपण अडकलोय हेच मला मान्य नव्हतं.

आणि आता, ती गेल्यावर महिन्याभरात, कॉलेजचं आमंत्रण आलं. लीलाच्या स्मरणार्थ चर्चासत्र, विषय, तत्त्वज्ञानाच्या अध्यापनाचं निर्वसाहतीकरण. प्रमुख पाहुणी मी. आमंत्रणपत्रिका इंग्रजीत, वर शोभेला संस्कृत श्लोक. मी नको म्हणायला हवं होतं. मी इस्त्रीवाल्याकडे सिल्कची साडी पाठवली. नात म्हणाली, “आजी, श्रद्धांजली आहे का साखरपुडा?”

सत्र बघण्यासारखं होतं. एका विद्वानानं अर्धा तास इंग्रजीत सांगितलं की परदेशी विद्वानांच्या कुबड्या टाकून दिल्या पाहिजेत, आणि आधाराला चार परदेशी विद्वान उद्धृत केले. दुसऱ्यानं सांगितलं, जगातलं सगळं आपल्या ऋषींना आधीच माहीत होतं, तेव्हा शिकायचं काही उरलेलं नाही, फक्त अभिमान बाळगायचा. पूर्वी मी एका पुस्तकाखाली रेघा मारायला लावायचे, आता हे दुसऱ्या पुस्तकाखाली लावणार. पोरं तशीच बसलेली, तोंड मिटून. एकानंही हात वर केला नाही, त्यांना कुणी विचारलंही नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर लीलाचा फोटो होता, झेंडूचा हार घातलेला. आणि माझ्या हातात दिलेल्या पुस्तिकेत छापलं होतं की या परिसरात मराठीतून वादसभा सुरू झाल्या त्या तत्कालीन विभागप्रमुखांच्या, म्हणजे माझ्या, दूरदृष्टीमुळे. लीलाचं नाव ‘सहकार्य’ या शब्दाखाली होतं.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी ती पुस्तिका हातात घेऊनच उठले. मी अहवालाची तिन्ही वाक्यं म्हणून दाखवली, पाठ आहेत. मग म्हटलं, “लीलाचं म्हणणं मी आज मांडते. मान हलवायला ती नाही, हा माझा उशीर. तिचं म्हणणं असं होतं : पुस्तक कुठल्याही देशाचं चालेल, भाषा मुलांच्या तोंडातली असावी, पण सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलीला त्यावर हरकत घेता आली पाहिजे, आणि हरकत बरोबर निघाली तर बाईंनी सगळ्यांदेखत हरलं पाहिजे. या पुस्तिकेत छापलंय ते खोटं आहे. वादसभा तिच्या. मी फक्त तिचा पेपर बुडवला.”

आणि मग टाळ्या. सगळं सभागृह उभं राहिलं. प्राचार्य डोळे पुसत म्हणाले, “मॅडम, केवढं हे मन!” त्यांनी मला शाल घातली, श्रीफळ दिलं. तीन जणांनी माझ्याबरोबर सेल्फी काढला. खोटं वाटेल, पण मला बरं वाटत होतं. छान हलकं हलकं. या वयातही मी तितकीच मूर्ख आहे याचा आणखी काय पुरावा हवा?

जिन्याशी लीलाची धाकटी बहीण कमल उभी होती. ती नर्स होती, आता निवृत्त. सगळा वेळ ती मागच्या रांगेत बसलेली होती, तिला पुढं कुणी बोलावलं नव्हतं. मी शाल सावरत तिच्यापाशी गेले, हात धरायला. तिनं हात दिला नाही. शालीकडे बघून ती म्हणाली, “मॅडम, चूक तुम्ही केली, टाळ्या पण तुम्हीच घेतल्या. ताईच्या वाट्याला नुसता हार.”