मावशी पडते

माझ्या वाट्याची सगळी संहिता दोन शब्दांची आहे: ‘मावशी पडते.’ बाकीच्यांना लेखक पानपानभर संवाद लिहून देतात. मात्र नवरा-बायकोचं भांडण रंगेना किंवा शेजाऱ्याचा विनोद जमेना, की ते कागदावर हे दोन शब्द टाकतात आणि चहा प्यायला निघून जातात. गेली सव्वीस वर्षं, दर आठवड्याला, त्यांची अडलेली गाडी मी पडून सोडवते आहे. स्टुलावरून पडले, जिन्यावरून पडले, पाहुण्यांच्या अंगावर पडले. एकदा तर काहीच सुचलं नाही म्हणून नुसती उभ्या उभ्या पडले.

मूळची मी गंभीर नटी. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून हल्ली मुद्दामच सांगते. नाट्यशाळेत मी तीन वर्षं मरायला शिकले: विष पिऊन, क्षयाने, विरहाने. पहिल्याच नाटकात विष प्यायले तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत हशा पोचला. “बाई, तुम्ही मरताय की पलंगाखालची चप्पल शोधताय?” असं तिथल्या दिग्दर्शकांनी विचारलं होतं. मग टीव्हीवरच्या या विनोदी मालिकेत नायिका हवी आहे असं कळलं. चाचणीला गेले आणि कॅमेऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच वायरीत पाय अडकून टेबलासकट आडवी झाले. नायिका दुसरीच कुणीतरी झाली. मला एकतिसाव्या वर्षी तिची मावशी केलं. मी पडेल ते काम करायला तयार होते. काम पडण्याचंच निघालं.

पडण्याचीही विद्या असते. हनुवटी छातीला, श्वास बाहेर सोडलेला, आणि काही झालं तरी हात टेकायचा नाही, मनगट जातं. गाऊनच्या आत कमरेला जुन्या सोफ्याचा स्पंज बांधायचा. सेटवरची फरशी म्हणजे फळ्यांवर अंथरलेलं प्लास्टिक. आवाज दणदणीत, मला काही होत नाही, असं मी मुलाखतींमधून ऐटीत सांगत आले. पडलो तरी नाक वर, ही म्हण मी अक्षरशः पाळते, कारण नाकाला लागलं तर क्लोजअप वाया जातो.

गेल्या वर्षी खुबा दुखायला लागला. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते आधी दारातल्या पायपुसण्याकडे आणि मग माझ्याकडे बघून आशेने हसले. तपासणी झाल्यावर मात्र हसायचे थांबले.

“हाडं ठिसूळ झालीत. आता पडलात तर खुबा मोडेल. हे पडणं बंद करा.”

“बंद कसं करू? मी पडते म्हणून तर मालिका उभी आहे.”

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, “दूध प्यायला सांगितलंय.” पुढचे तीन महिने मी दूध पीत होते आणि पडत होते. खरं सांगते, भीती वाटायची. हाड मोडण्याची नव्हे, कुणाला कळण्याची. सत्तावन्न वर्षांच्या, न पडणाऱ्या मावशीला कोण विचारतो?

पण माझा नवरा चष्म्याचा दुकानदार. बारीक अक्षर वाचणं हा त्याचा धंदाच. कपाटात साड्यांखाली, बुटांच्या खोक्यात लपवलेला रिपोर्ट त्याने शोधला, वाचला आणि मला न विचारता थेट दिग्दर्शकाला फोन केला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याने ते शांतपणे सोसलं, किंबहुना त्याला जरा आरामच पडला.

पुढच्या आठवड्यात सेटवर माझाच गाऊन, आत माझ्याइतकं जाड दिसायला स्पंज आणि माझ्यासारख्या केसांचा टोप घालून एक पंचविशीतली मुलगी उभी होती. कसरतपटू.

“मावशी, फळीवरची बरणी काढायला स्टुलावर चढेपर्यंत तुम्ही,” दिग्दर्शक म्हणाला. “पडणं ही करेल. मग कण्हत उठायला परत तुम्ही.”

“कण्हायला मीच का?”

“तुमचं कण्हणं फार खरं वाटतं हो.”

पोरगी पडली. मांजर उडी मारतं तशी, अलगद, देखणी. एकही माणूस हसला नाही. मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली. मग दिग्दर्शकाने बाजूला घेतलं. “दोन आठवडे बघतो. नाही जमलं तर लेखक मावशीला परगावी पाठवणार. कायमची.” म्हणजे हिला जमलं तर माझं पडणं गेलं, आणि नाही जमलं तर मीच गेले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मला दोन्हींत पडायची बंदी.

कपडेपटाच्या खोलीत गाद्या टाकून शिकवणी सुरू केली.

“तू चढतानाच पडायला लागतेस,” मी तिला म्हटलं.

“मग काय करू?”

“बरणी काढ. फक्त बरणी. आज ती मिळणारच, असं धरून चाल. पडणाऱ्याला शेवटपर्यंत माहीत नसतं गं, म्हणून तर लोक हसतात.”

पोरगी हुशार निघाली. मी जिना कशी चढते, गुडघ्यावर हात कसा ठेवते, सगळं टिपत राहिली. दहा दिवसांत तिने माझं वय उचललं.

चित्रीकरणाच्या दिवशी मी स्टुलावर चढले, हात वर केला, उतरले आणि मॉनिटरमागच्या खुर्चीत जाऊन बसले. ती चढली. पाठीमागून ती मीच होते. टाचा उंचावल्या, बोटं बरणीला लागली, तिला खात्री होती, आणि धाडकन खाली आली. लाईटवाल्यांपासून लेखकांपर्यंत सगळे खदखदून हसले. जमलं होतं. खरं तर मी टाळी वाजवायला हवी होती.

पण मावशीला पडताना मी इथून कधी पाहिलं नव्हतं. पडताना मला दिसायचं ते फक्त छत. आता दिसली ती उताराला लागलेली एक जाडी बाई, मान एकीकडे टाकून फरशीवर पडलेली, आणि भोवती हसणारी पंचवीस माणसं. कुणी जागचं हललं नाही. काय होतंय ते कळायच्या आत मी वायरी ओलांडून तिच्याशेजारी गुडघे टेकले होते.

“लागलं का गं तुला?”

“कट!” दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्यामुळे शॉट वाया गेला.

मुलीने डोळे उघडले. “नाही मावशी, तुम्हीच तर शिकवलंत.” मग टोप सरकवून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला लागायचं?”

माझ्या तोंडात नेहमीचा विनोद तयार होता. पण या फरशीवर मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. विचारणार तरी कसं, मी इतकी छान पडत होते.

“हो,” मी म्हणाले. “दर वेळी.”