चित्राचा मुक्काम

माझ्या साडूएवढा चौकस, हट्टी आणि संशयी माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नाही. असला तर त्यानं माझ्यासमोर यावं. मी त्याला मानवतला नेऊन साडूच्या ओट्यावर बसवीन, आणि संध्याकाळपर्यंत तो माणूस स्वतःचं आडनाव खरं का खोटं याचा विचार करत घरी जाईल. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळं माझ्या लिहिण्यात गोडवा नाही. साडूच्या बोलण्यातही नाही. तेवढ्यावरच आमचं जमलं असावं, कारण बाकी आमचं नातं बायकांमुळं. आमच्या हिची धाकटी बहीण त्याला दिलेली, म्हणून हिला तो अक्का म्हणायचा.

साडू एसटीत कंडक्टर होता आणि जन्मभर मुक्कामी गाडीवर राहिला. संध्याकाळी गाडी खेड्यात न्यायची, देवळाच्या ओट्यावर पाठ टेकायची, पहाटे सवाऱ्या घेऊन परत. नोकरी सुटली पण मुक्काम सुटला नाही. जगातल्या कोणत्याही गोष्टीला त्याचा पहिला सवाल एकच : मुक्काम कुठं? दूधवाल्याला विचारायचा, "रातच्याला दुधाचा मुक्काम कुठं होता?" भाचीला बघायला आलेल्या पोराला विचारलं, "पुण्यात मुक्काम कुठं?" पोरगं म्हणालं, मित्राकडं. "मित्राचा मुक्काम कुठं?" पोरगं रडकुंडीला आलं. सोयरीक झाली, पण ते जावई आजही साडू दिसला की पलीकडच्या गल्लीनं जातात.

मोबाइलशी तर त्याचं उघड वैर. मोबाइल काही कबूल करायला सांगायचा आणि हा दर वेळी 'नाही' दाबायचा. मग तो बंद पडायचा. "बघा, पळाला," म्हणायचा, "खरा असता तर थांबला असता." लेकानं त्याच्या दारावर कॅमेरा लावला तेव्हा यानं त्यावर टॉवेल टाकला. बाया जेवायला बसल्या की टॉवेल, केस वाळवायला बसल्या की टॉवेल, सून माहेराहून आली की टॉवेल. "आमच्या घराला गोशा हाय," म्हणायचा. एकदा अंगणात वाळत घातलेले सांडगे कुणाच्या तरी वासरानं साफ केले. मेव्हणी ओरडली, कॅमेऱ्यात बघा कुणाचं वासरू! सगळी जमली. बघतात तर सकाळपासून दुपारपर्यंत नुसता निळा टॉवेल हलायलाय. साडू शांतपणानं म्हणाला, "टॉवेल तर शाबूत हाय ना? मग?"

मी तेव्हा लय हसलो. माझ्याही दारावर कॅमेरा होता, पोरानं पुण्याहून येऊन बसवलेला, तिकडून आम्हाला बघता यावं म्हणून. आमच्या हिला वाटायचं पोरगं त्या डब्यातच बसलंय. सकाळी सडा टाकून झाला की खाली उभी राहायची आणि मान वर करून ओरडायची, "जेवलास का रे?" कधी भाकरीचं ताटच वर धरून दाखवायची. मी म्हणायचो, खुळी का काय तू, तो हापिसात असंल. ती म्हणायची, "तुमी गप बसा. त्याला दिसायलंय."

मग ती गेली. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लोक सांगायला आले, देवाची मर्जी, मन घट्ट करा. मी म्हणालो, चहा घ्या आणि जा. ती कॅमेऱ्यात उरली होती एवढं मात्र खरं. पोरानं मला मोबाइलवर काढून दाखवलं : सडा, ताट, वर केलेली मान, आवाज. मी रोज बघायचो.

एके दिवशी पोराचा फोन आला. ज्या कंपनीकडं ती चित्रं ठेवली होती तिचं कळवणं आलं होतं, की जुनं सगळं पुसणार. ठेवायचं असेल तर नव्या अटी कबूल करा. अटी अशा, की त्या चित्रांवरून कंपनीची मशीन शिकेल आणि गरज पडली तर त्यांची माणसं ती बघतील. पोरगं म्हणालं, "बाबा, सगळेच करतात. दाबून टाकू का?" साडू नेमका माझ्याकडं आलेला होता. त्याच्या हातातली बशी खाली आली.

"म्हणजे अक्का इतके दिवस घरी न्हाईत?"

मी फोनवर तळहात धरला.

"परक्याच्या दारात मुक्कामाला ठिवल्या तुमी अक्कांला? आन् अक्कांला बघून मशीन काय शिकणार हाय? भाकरी थापायला?" मग फोनकडं तोंड करून ओरडला, "दाबू नगंस! बोट तोडीन!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परभणीला. कॅमेऱ्याच्या दुकानात शिरायचं आणि साडूनं कंडक्टरसारखं विचारायचं, "चित्राचा मुक्काम कुठं?" पहिला म्हणाला, क्लाउडमधी. "त्याचा गाव कुठला?" तो हसला. आम्ही उतरलो. दुसरा म्हणाला, काका, आमच्याकडं ठेवणं एकदम फुकट. साडू काउंटरवर वाकला. "फुकट मुक्काम देणारा घरातून काय उचलायला बसलाय, ते आधी सांगा." दुकानदारानं पंखा आमच्याकडून वळवला. मला उन्हानं चक्कर यायला लागली होती. म्हणालो, राहू द्या साडू, चित्रच आहे शेवटी. तो रस्त्यात उभा राहिला. "चित्र आसंल तुमाला. मला बहिणीसारखी होती ती."

तिसरा दुकानदार जरा बरा निघाला. म्हणाला, एक डबा घरातच बसवू, चित्रं त्यात कुलपात राहतील. डबा जळाला-बिघडला तर एक नक्कल दुसऱ्या कंपनीकडं जाईल, पण ती घरूनच कुलूप लागून जाईल. चावी म्हणजे एक शब्द, तो तुमच्याकडं. कंपनीलाही आत काय आहे ते दिसणार नाही.

"कंपनीच्या मालकालाबी न्हाई?"

"नाही काका."

"सरकारला?"

"कंपनी त्यांना कुलूपच देईल. चावी तिच्याकडं नसतीच." मग तो माझ्याकडं वळला. "पण बाबा, शब्द विसरलात तर संपलं. आम्हीपण उघडून देऊ शकत नाही."

पोरगं फोनवर होतं, ते घाबरलं. "बाबा, तुम्ही चष्मा कुठं ठेवला ते विसरता. शब्द मला तरी सांगून ठेवा. नाहीतर आई कायमची जाईल."

मी म्हणालो, "सांगणार नाही. ज्या दिवशी मी तो शब्द विसरीन, त्या दिवशी तिला बघणारा मीच उरलेलो नसीन. तुला आई बघायची तर गावी ये, मी लावून देतो."

डबा बसला. शब्द टाकायच्या वेळी साडूनं दुकानदाराला अंगणात काढलं, स्वतः भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, वर डोळ्यांवर टोपी ओढली. आमच्या पिढीत बाई नवऱ्याचं नाव घेत नसे आणि नवराही चारचौघांत बायकोला "ऐकलं का" एवढंच म्हणायचा. पण घरात दोघंच असताना मी तिला एका शब्दानं हाक मारायचो. लेकरांनी ऐकला नाही, तिच्या बहिणीनं ऐकला नाही. तो एका बोटानं टाकला. तुम्हालाही सांगणार नाही.

"बसला?" भिंतीकडून आवाज आला.

"बसला."

मग जुन्या कंपनीकडली सगळी चित्रं पोरानं उतरवून इकडं आणली आणि तिकडची पुसली. साडूनं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, एकही सवारी मागं राहिली नाही म्हणून.

आता तो अधूनमधून एसटीनं येतो. चहा होतो, मानवतच्या गप्पा होतात, मग म्हणतो, "लावा." आणि उठून भिंतीकडं तोंड करतो. मी शब्द टाकतो. ती अंगणात येते, पदर खोचते, मान वर करते, "जेवलास का रे?" साडू वळतो आणि टोपी काढून हातात धरतो. बघून झालं की पिशवी उचलतो. दारात गेल्यावर, सगळं ठाऊक असूनही, वळून विचारतोच,

"अक्कांचा मुक्काम?"

मी म्हणतो, "घरीच."