मंगलच्या टॉर्चची बॅटरी

आधीच सांगून टाकते, असले अनुभव मी हसायला म्हणून वाचायचे. शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते मी. सेल, तार, बल्ब... सर्किट पूर्ण झालं की दिवा लागतो, नाहीतर लागत नाही, हे पोरांकडून फळ्यावर काढून घेते. त्यामुळे पुढचं वाचून कोणी मला वेडी म्हणालं तर राग नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

आम्ही बुऱ्हाणपूरला लोधीपुऱ्यात राहतो. घरात तिघंच – मी, आमचे हे आणि सासूबाई. मी यांची दुसरी. पहिली मंगल, तापाचं निमित्त होऊन गेली, मूलबाळ नव्हतं. लग्न ठरताना मला सगळं सांगितलं होतं, फसवलं कोणी नाही. पण माहीत असणं वेगळं आणि रोज सोसणं वेगळं. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही हो! जिवंत सवत असती तर निदान चार शब्द सुनावले असते.

तिच्या साड्या सासूबाईंनी वाटून टाकल्या, दागिने मला घातले, भांडी माझी झाली. उरली एक टॉर्च. पिवळ्या प्लास्टिकची, जाडजूड, मागे दोन पिना – त्या सरळ प्लगमध्ये खुपसून चार्ज करायची. हे चांदनी गावच्या शाळेत शिक्षक, रेल्वेने अप-डाऊन करतात. तेव्हा संध्याकाळी लाईट जायची, आणि आमच्या गल्लीत उघडी नाली. मग मंगल ही टॉर्च घेऊन गल्लीच्या तोंडाशी यांची वाट बघत उभी राहायची. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल! पाहुणे आले की ऐकायची, लाईट गेली की ऐकायची. मी भाजीत मीठ विसरले तरी कुठून तरी वळसा घेऊन गाडी तिथेच.

मागे कधीतरी टॉर्चची बॅटरी फुगली. यांनी स्क्रू काढले, आतली काळी वडी बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि स्कूटरच्या डिकीत ठेवली – दुकानात दाखवायला. तेव्हापासून सुट्टीचा दिवस म्हणजे बॅटरी शोधायचा दिवस. एकदा मीही सोबत होते. दुकानदार हसला.

“सर, ये तो बंद हो गई. इस साइज में अब आती ही नहीं. नई टॉर्च ले जाओ ना, एलईडी, मस्त सफेद लाईट.”

“सफेद नहीं चाहिए, भाई.”

“तो लिथियम का सेल डाल दूं?”

“चार्जर पुराने हिसाब का है, सेल गरम होके खराब हो जाएगा.”

बघा, एरवी घरातला फ्यूज उडाला तर मला हाक मारणारा माणूस! माप जमलं तर व्होल्ट जमायचे नाहीत, व्होल्ट जमले तर झाकण बसायचं नाही. ऑनलाइन मागवलेली नखभर जाड निघाली, ती परत पाठवली. भुसावळ झालं, खंडवा झालं. माझ्या चष्म्याची काडी तुटून पडली होती, ती बदलून आणायला मात्र यांना सवड नव्हती.

शेवटी मीच एक चांगली नवी टॉर्च आणून यांच्या हातात दिली. “छान आहे,” म्हणाले आणि फ्रीजवर ठेवून दिली. जुनी, पोट रिकामं असलेली, कोठीच्या खोलीत फळीवर तशीच. माझा जळफळाट झाला. झाला म्हणजे झाला, लपवू कशाला?

आता मुद्द्यावर येते. पितृपक्षात अविधवा नवमी असते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालायचं, साडी-चोळी द्यायची. म्हणजे आमच्या घरी, माझ्या सवतीसाठी, खीर-वडे कोण रांधणार? मीच! दरवर्षी जैनाबादच्या लतामावशी येतात, जेवतात, साडी घेऊन जातात. या खेपेला साडी यांनी स्वतः आणली. आमसुली. मंगलचा आवडता रंग म्हणे. मला कुठला रंग आवडतो, विचारा बरं यांना!

सकाळी मावशींचा फोन. ऐनवेळी त्यांची अडचण आली, येता येत नव्हतं. पितृपक्षातली नवमी, दुसरी सवाष्ण आयत्या वेळी कुठून मिळणार? ज्या त्या बाईला आधीच आमंत्रण. पान वाढलेलं, खीर निवत चाललेली. सासूबाई हवालदिल झाल्या.

“आता काय करू मी? तूच बस पाटावर.”

“अहो आई, मी? सवाष्ण बाहेरची लागते ना?”

“सवाष्णच आहे ना तू? बस माय, उशीर होऊन राहिला.”

बसले. काय करणार? सासूबाईंनी मला कुंकू लावलं, ओटी भरली, साडी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मंगल, गोड मानून घे वं बाई.” हे समोर हात जोडून उभे होते. इतकी वर्षं झाली, माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं यांनी. आणि आता बघत होते, ते मला नव्हतं. कशीबशी खीर संपवली आणि सासूबाईंच्या आग्रहाखातर ती आमसुली साडी नेसलेही.

दुपारी मोठी पातेली ठेवायला कोठीत गेले. तिथे खिडकी नाही, आणि लाईट गेलेली. सवयीने फळीवर हात फिरवला, टॉर्च हाताला आली, बटण पुढे सरकवलं. लागली. पातेली एकात एक घातली, वरच्या फळीवर सरकवली, तुपाचा डबा दिसला तोही उचलला. दारापर्यंत आले आणि मग लक्षात आलं... उजेड पिवळा आहे.

पांढऱ्या उजेडाची टॉर्च फ्रीजवर होती.

झाकण तसंही सैलच होतं, यांनी स्क्रू परत लावलेच नव्हते. उघडून बघितलं. आत पोकळी. लाल आणि काळी, दोन तारा, दोन्हींची टोकं मोकळी. एकमेकींना चिकटलेल्यासुद्धा नाहीत. आणि समोर भिंतीवर हा एवढा पिवळा गोल! मी ओरडले, तुपाचा डबा पडला, हे धावत आले, मागून सासूबाई.

“काय झालं?”

मी नुसती टॉर्च पुढे केली. यांनी माझ्या हातातून घेतली मात्र, विझली. यांनी बटण मागेपुढे केलं, हलवली, तळहातावर आपटली. काही नाही. मी हातात घेतली – लागली. परत यांनी – विझली. सासूबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि रामराम म्हणू लागल्या.

“माझ्या हातात का नाही?” हे म्हणाले. घाबरले नव्हते, बरं का. रडकुंडीला आले होते.

पुढचं ऐका. दिवाळीच्या सुमारास यांना बॅटरी मिळाली. हुबेहूब तीच! खंडव्यात एकाने जुन्या, न वापरलेल्या मालातून काढून दिली. यांनी दाराशीच चप्पल फेकली, तारा जोडल्या, स्क्रू आवळले, रात्रभर चार्ज केली. लाल दिवा लागला, सगळं ठीक. सकाळी बटण सरकवलं तर काही नाही. दुकानात नेली, दुकानदाराने बॅटरी मीटरवर तपासली, बल्ब वेगळा लावून बघितला, दोन्ही ठणठणीत. “सर, ये तो जलनी चाहिए,” एवढंच म्हणत राहिला बिचारा. घरी आल्यावर मी हातात घेतली. लागली. बॅटरी काढून टाकली, तरी लागली.

यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवून बघितला, तर तेवढ्यापुरती विझली. त्यानंतर दोन दिवस हे माझ्याशी धड बोलले नाहीत. जेवताना माझ्या हातांकडे बघत राहायचे. ती नजर मी ओळखली – न ओळखायला काय झालं? लग्नापासून आरशात तीच बघत आले आहे.

मला सुरुवातीला काय आनंद झाला म्हणून सांगू! हाका मारा आता, शोधा बॅटऱ्या! ती आली ती माझ्याकडे आली, तुमच्याकडे नाही. पण मग लतामावशींना सगळं सांगितलं. म्हणाल्या, “घरच्या सुनेला बसवत नसतात गं त्या पाटावर. पान जिच्या नावाचं, बसणारी त्या वेळी तीच असते.” तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. टॉर्च माझ्या हातात लागते, की मी पाटावरून उठले तरी माझ्यातली मंगल उठलीच नाही? चिडून मी ती आमसुली साडी देऊन टाकली. तरी टॉर्च लागतेच.

शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सरांना, नाव न सांगता, विचारलं. ते म्हणाले, कुठेतरी कपॅसिटर असेल. नाहीये हो! चार्जिंगची एक बारकी पट्टी सोडली तर दोन तारा आणि एक बल्ब, एवढंच आहे आत, मी शंभरदा उघडून बघितलंय. कोणाकडे याचं उत्तर असेल तर मला खरंच हवं आहे.

परवा मी मेथी निवडत होते. हे समोर येऊन बसले, उगाच एक जुडी हातात घेतली. मग हळूच विचारलं, “अजून लागते का गं?”

“नाही हो. झाली बंद.”

“कधीपासून?”

“झाले की बरेच दिवस.”

हे जुडी सोडवत राहिले, पानं टोपलीत, काड्याही टोपलीत. मला त्यांची दया आली, अगदी मनापासून आली. तोंडाशी आलं होतं की चला कोठीत, दाखवते. दुपारीच तर लागली होती, रोजच्यापेक्षा जास्त उजेड पडला होता.

नाही सांगितलं. इतकी वर्षं यांच्याकडची मंगल यांनी मला कधी दिली नाही. माझ्याकडची मी का देऊ?